हात नसलेलं यंत्र

सौंसरच्या आठवडी बाजारात उर्मिला शिरली की लोक आपोआप बाजूला होत. तिचा काही दरारा होता म्हणून नव्हे. तिच्या डाव्या दंडाला धरून तिची थोरली जाऊ केसरबाई चालत असे, आणि केसरबाईच्या वाटेत उभं राहायची हिंमत त्या बाजारात कुणाला नव्हती. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार अशी ती बाई. मग उजवीकडून एखादी भाजीवाली उठे आणि उर्मिलेचा दुसरा हात धरी, तिसरं कुणी पुढं होऊन वाटेतली टोपली उचली, आणि अशी ही वरात कांद्या-बटाट्यांच्या ढिगांतून सरकत जाई. कशासाठी, तर किलोभर वांग्यांसाठी. उर्मिलेला लाज वाटे, हसू येई, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटे.

आदल्या वर्षी तिला क्षय झाला होता. महिनोन्‌महिने रोज सुई टोचून घ्यावी लागली, पण त्या सुयांनीच तिला वाचवलं. खोकला गेला, वजन भरलं, गालांवर रंग आला, आणि घरात सत्यनारायणाचा बेत चालू असतानाच एके सकाळी तोंडाला साबण लावून तिनं डोळे मिटले आणि ती न्हाणीत आडवी झाली. तेव्हापासून डोळे मिटले की पायाखालची जमीन निघून जाई. अंधारात तेच, नांगरलेल्या वावरात तेच. चालता चालता मान वळवली की समोरची भिंत हलायला लागे. नागपूरच्या डॉक्टरांनी कानांत गार आणि गरम पाणी घालून पाहिलं आणि सांगितलं की त्या औषधानं क्षयाबरोबर कानांच्या आतली तोल राखणारी जागाही मारली. एखाद्याच्या नशिबी असं येतं, आणि ती जागा काही परत जिवंत होत नाही. जीव वाचला हे विसरू नका, असंही ते म्हणाले. उर्मिला ते कधी विसरली नाही. सुई टोचणाऱ्या कंपाउंडरला ती अजूनही दिवाळीला फराळ पाठवत असे.

या मुलखात आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. सोडलं तर आजाऱ्याचं काही बिघडो न बिघडो, घरादाराचं नाव मात्र जातं. उर्मिलेचा नवरा दिलीप पांढुर्ण्याच्या मंडीत बाबू होता. सकाळच्या बसनं जायचा, दिवेलागणीला परतायचा. त्यामुळं उर्मिलेला धरायचं काम केसरबाईनं आपल्याकडे घेतलं, आणि एकदा तिनं काम घेतलं की ते दुसऱ्याला मिळणं कठीण. क्षय असताना घरातल्याच काहींनी उर्मिलेचा पेला वेगळा ठेवला होता. केसरबाई मात्र तिच्या खाटेवर बसून तिच्याच ताटातली भाकर मोडून खात असे आणि बघणाऱ्याकडे अशी बघे की त्यानं तोंड फिरवावं. आता तिनं दंड धरला होता, आणि वर्षभरात उर्मिला एकदाही पडली नव्हती.

पण उर्मिला रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, दुसरीच्या वर्गावर. सौंसरहून छोट्या लाइनची गाडी धरायची, रामाकोन्याला उतरायचं आणि वावरांच्या कडेनं पायी शाळा गाठायची, असा तिचा कित्येक वर्षांचा रिवाज. रजा वाढवून वाढवून आता संपली होती. हेडमास्तर भगवंतराव भला माणूस. त्यांनी निरोप पाठवला की जुलैत शाळा उघडेल त्या दिवशी बाई हजर झाल्या तर जागा त्यांची, नाही तर वरून दुसरी मास्तरीण येईल आणि माझ्या हाती काही राहणार नाही. आणि हजर म्हणजे आपल्या पायांनी हजर, असं त्यांनी जरा संकोचानं पुढं जोडलं होतं. जाऊबाईंना वर्गात बसवता येणार नाही. कोपऱ्यात बसीन, बोलणार नाही, असं केसरबाईनं त्यावर सांगून पाहिलं. ती बोलणार नाही यावर घरात कुणाचाच विश्वास बसला नाही.

ती नोकरी म्हणजे उर्मिलेचा जीव की प्राण. ती लग्न होऊन आली तेव्हा मास्तरकीचं ट्रेनिंग करावं असं तिच्या मनात फार होतं, पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं कसं? केसरबाईनंच सासऱ्यांपुढं विषय काढला. मग उर्मिला पुस्तक घेऊन बसली तेवढा सगळा काळ चूल, गोठा, संत्र्याच्या तोडणीवरच्या मजुरांचं जेवण, सगळं त्या एकटीनं ओढलं. स्वतः केसरबाईला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं. शाळेतली खुर्ची अर्धी जाऊबाईंची आहे असं उर्मिला मनापासून मानत असे, आणि ती खुर्ची आता जायला निघाली होती.

अशात दिलीपनं मंडीतून एक बातमी आणली. पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा मुलगा रवींद्र नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. तोल गेलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं एक यंत्र त्यानं तिथल्या डॉक्टरांना विचारून तयार केलं होतं. बातमी सांगणारा त्याचा बापच, आणि तो ती सांगत होता कपाळाला हात लावून. पोरगा एवढा शिकला आणि लोकांना पाटीवर उभं करून पाडत बसला आहे, हे त्याचं दुःख. दिलीपनं पत्ता घेतला. सत्याऐंशी सालच्या त्या मे महिन्यात उर्मिला नागपूरला महाल भागात राहणाऱ्या यमुनाआत्याकडे गेली. सोबत केसरबाई आलीच, हे वेगळं सांगायला नको.

दिलीपच्या तोंडून केसरबाईनं रोबो हा शब्द ऐकला होता. रोबो म्हणजे लोखंडाचा माणूस अशी तिची समजूत, आणि लोखंडाचा का असेना, परका पुरुष आपल्या जावेला हात लावणार हे तिला पसंत नव्हतं. कॉलेजच्या वर्कशॉपमागच्या त्या खोलीत शिरताना ती दोन शब्द सुनवायच्या तयारीनंच शिरली. आत कूलर घरघरत होता, टेबलावर कॉम्प्युटरचं खोकं होतं, आणि जमिनीवर फळीसारखी एक जाड पाटी होती. बाकी काही नाही.

"रोबो कुठं आहे?" तिनं विचारलं.

रवींद्रनं पाटीकडे बोट दाखवलं.

"याले तं हातच नाही."

"नाहीत, मावशी," रवींद्र म्हणाला. "मुद्दामच नाही लावले."

तो तिशीचा, किडकिडीत, बोलताना खाली बघणारा मुलगा होता. त्यानं दोघींना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. पाटीच्या चारी कोपऱ्यांखाली भार मोजणारे तुकडे होते. टाचेवर किती वजन आहे, चवड्यावर किती, डाव्या पायावर किती, हे ते क्षणोक्षणी कॉम्प्युटरला कळवत आणि कॉम्प्युटर खालच्या मोटरींना हुकूम देई. मग पाटी जराशी पुढं कले, जराशी मागं, जराशी बाजूला. माणूस नवखा असेल तर झोक जाताच पाटी उलट बाजूनं उचलून त्याला सावरून घेई. तो सुधारत गेला की ती सावरणं कमी कमी करी. छताच्या तुळईतून एक पट्टा लोंबत होता. तो कमरेला आणि छातीला बांधला की माणूस पडला तरी जमिनीला लागत नसे. शेजारी एक पेन कागदावर चाले, झोक जिकडे जाई तिकडे त्याची रेघ. धडधाकट माणसाची रेघ मधल्या फुलीभोवती दोऱ्याच्या गुंत्यासारखी गोळा होई.

तोल तिघं मिळून सांभाळतात, डोळे, कान आणि पायांचे तळवे, असं त्यानं सांगितलं. उर्मिलेचे कान कामावरून गेले होते आणि डोळे दोघांचं काम ओढत होते, म्हणून डोळे मिटताच सगळा डोलारा कोसळे. तळवे मात्र अजून झोपलेच होते आणि त्यांना जागं करायचं होतं. त्यासाठी एकच पथ्य होतं, यंत्रावर असताना तिला कुणी धरायचं नाही. केसरबाईनं जामसावळीच्या मारुतीची शपथ घेतली की मी हाताला हात लावणार नाही. मग तिनं एक स्टूल ओढलं आणि उर्मिलेच्या मागं, जरा डावीकडे, बैठक मारली.

डोळे उघडे ठेवून उर्मिला लवकरच चांगली उभी राहायला लागली. पण डोळ्यांवर पट्टी बांधली की पेनाची रेघ फुली सोडून निघे आणि डावीकडे मागं जाऊन बसे. रोज तेच. रवींद्र बुचकळ्यात पडला. दोन्ही कान सारखेच गेलेले, मग झोक एकाच बाजूला का? त्यानं कॉम्प्युटरला नवे हुकूम शिकवले, कोपऱ्यांखालचे तुकडे बदलले. रेघ आपली डावीकडेच. शेवटी त्याचा संशय डाव्या मोटरीवर गेला आणि त्यानं ती खोलली.

मोटर बिचारी निर्दोष होती. केसरबाईनं हात न लावण्याची शपथ घेतली होती आणि ती इमानेइतबारे पाळलीही होती. तिनं धरला होता तो फक्त पदर. उर्मिलेच्या डाव्या खांद्यावरून मागं आलेल्या पदराचं टोक ती दोन बोटांच्या चिमटीत धरून बसे, अगदी हलकं. शपथ मोडली असं तिच्या मनातही नव्हतं. आणि रवींद्रच्या ते लक्षात येणार तरी कसं? चांगल्या घरचा मुलगा, बाईमाणसाच्या पदराकडे बघायची त्याची रीत नव्हती. तो पेनाकडे बघे, कॉम्प्युटरकडे बघे, फार तर उर्मिलेच्या पावलांकडे बघे.

उर्मिलेला मात्र सगळं कळत होतं. डोळ्यांवर पट्टी आली की जग नाहीसं होई आणि खांद्यावर तेवढी ती ओढ उरे. बाई मागं आहेत. मग अंग आपसूक त्या ओढीकडे झुके आणि तळवे पुन्हा झोपी जात. हे सांगायला हवं असं तिला रोज वाटे, आणि रोज ती गप्प बसे. सांगणार कोणत्या तोंडानं? ज्या बाईनं तिच्या ताटातली भाकर खाल्ली, तिला काय असं म्हणायचं की तुमच्यामुळं मी उभी राहत नाही? त्यापेक्षा दोष मोटरीवर गेलेला बरा होता. मोटरीला काही वाटत नाही.

एके दिवशी केसरबाईला माहेरच्या नात्यातल्या लग्नाला जावं लागलं. सोबतीला यमुनाआत्या आली आणि कूलरचा वारा लागताच कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगायला लागली. पट्टी बांधून उर्मिला पाटीवर उभी राहिली आणि लगेच पट्ट्यात लोंबकळली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा लोंबकळली. मग टाचांखाली काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं, आणि ती उभीच राहिली. पट्टी सोडून बघितलं तर रेघ फुलीभोवती गोळा झालेली. रवींद्रनं आदल्याच दिवशी मोटरीचं बेअरिंग बदललं होतं. त्याला वाटलं, सापडला रोग. तो धावत जाऊन पेढे घेऊन आला, यमुनाआत्याला उठवून तिच्या हातावर ठेवले, आणि उर्मिलेनं आपला पेढा मुकाट्यानं पदराला बांधला.

दुसऱ्या दिवशी केसरबाई स्टुलावर परत आली आणि रेघही आपल्या जुन्या जागी परत गेली. गुडघे टेकून रवींद्रनं पुन्हा ती मोटर खोलायला घेतली. हात कोपरापर्यंत तेलानं माखले, कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. शाळा उघडायला आता थोडेच दिवस राहिले होते. मान वर न करताच तो म्हणाला, "ताई, माझ्या मशिनीनं तुमचा सारा वेळ खाल्ला. मले माफ करा."

उर्मिलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासाठी कडक उन्हाळ्यात सुट्टी सोडून राबणारा हा परका मुलगा तिचीच माफी मागत होता. आणि मागच्या स्टुलावर केसरबाईही हळहळली, "बिचारा किती करून राहिला." त्याच क्षणी उर्मिलेनं ठरवलं की आज सांगायचं.

दुपारी यमुनाआत्याच्या पडवीत दोघी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या.

"बाई," उर्मिला म्हणाली, "उद्यापासून माझा पदर नका धरू."

केसरबाईचा हात थांबला. "मी कुठं हात लावून राहिली? पदर तं आहे तो."

"पदर धरला का मले कळते तुम्ही मागं आहात. मंग माझं सारं अंग तुमच्याकडेच येते. मोटर चांगली आहे, बाई. मीच उभी नाही राहून राहिली."

केसरबाईनं आणखी एक कैरी फोडली, आतली कोय काढून बाजूला टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी तुले पाडूनच राहिली होती."

उर्मिलेच्या मनात काय काय दाटून आलं. तुम्ही नसता तर मी त्या खाटेवरून उठले नसते, हे तिला सांगायचं होतं. शाळेतली खुर्ची, ताटातली भाकर, न्हाणीच्या दाराशी ताटकळत काढलेल्या सकाळी, सगळं सांगायचं होतं. तोंडातून फक्त "नाही, बाई" एवढंच निघालं. केसरबाईनं उरलेल्या सगळ्या कैऱ्या फोडल्या, त्यांना मीठ लावलं, हात धुतले आणि जाहीर केलं की आता वावरात पेरणीची घाई होईल, मला घरी गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती सौंसरला निघूनही गेली. जाताना तिनं उर्मिलेच्या दंडाला हात लावला नाही.

उर्मिलेनं रवींद्रला खरं ते सांगून टाकलं. तो आधी थक्क झाला, मग हसता हसता पाटीवरच बसला. त्याच्या मोटरीची अब्रू राहिली होती. मग मात्र तो गंभीर झाला. दोऱ्याएवढी ओढसुद्धा शरीराला आधार वाटते हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. उर्मिलेवर तो रागावला नाही, याचंच तिला रडू आलं.

पुढचे दिवस मोठे कष्टाचे गेले. ती पडे, पट्टा तिला झेली, ती पुन्हा उभी राही. यंत्र पाटी कलवी ती तिला झेपेल एवढीच, आणि झेपलं की लगेच थोडी जास्त. त्याला दया नव्हती आणि रागही नव्हता. ती रडली तर ते थांबत नसे, आणि ती सावरली तर शाबासकी देत नसे. पण तिचे तळवे हळूहळू जागे झाले. आधी मुंग्या आल्यासारखं वाटे, मग टाच वेगळी कळायला लागली, चवडा वेगळा, करंगळीची कड वेगळी. डोळ्यांवर पट्टी असताना पाटी कुठं झुकली हे पावलं सांगायला लागली. याला हात का लावले नाहीत, ते तिला आता नीट कळलं. मान वळवायची तर घाईनं नाही, नजर आधी आणि मान मागून, हेही रवींद्रनं तिच्याकडून घोटून घेतलं. शेवटच्या दिवशी निघताना तिनं वाकायच्या भानगडीत न पडता उभ्या उभ्याच पाटीला हात जोडले, दसऱ्याला हत्यारांना जोडतात तसे. रवींद्र संकोचून कूलर बंद करायला गेला.

ती घरी आली तेव्हा केसरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आवडीची भाजी केली, गावच्या साऱ्या गोष्टी सांगितल्या. वागण्यात काही फरक नव्हता. फक्त तिचे हात उर्मिलेपासून लांब राहत. उर्मिला अंगणात उतरली की केसरबाई पदरात हात गुंडाळून भिंतीला पाठ लावे. उर्मिला न्हाणीत शिरली की ती उठून गोठ्यात जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे. बाईंनी मनाला लावून घेतलं, असंच उर्मिलेला वाटत राहिलं. गल्लीलाही विषय मिळाला. शेजारची शकुंतला नळावर चार जणींत म्हणाली की बिचारी एकटी भिंतीला धरून चालून राहिली आणि केसरबाईनं हात काढून घेतला, जावा त्या जावाच. केसरबाईनं ते ऐकलं. एरवी ती शकुंतलेला नळासकट उचलून फेकती, पण भरलेली बादली उचलून ती मुकाट्यानं घरी आली, आणि हे उर्मिलेच्याही कानावर आलं.

शाळा उघडायच्या दिवशी दिलीपला रजा मिळाली नाही. त्यानं उर्मिलेला सौंसरच्या स्टेशनावर सोडलं आणि तो आपल्या बसकडे धावला. गाडी यायच्या बेताला केसरबाई हातात डबा घेऊन हजर. रामाकोन्यात माझं काम आहे, एवढंच ती म्हणाली, आणि काय काम हे विचारायची सोय तिच्या चेहऱ्यावर नव्हती. गाडीत ती उर्मिलेच्या शेजारी न बसता समोर बसली. रामाकोन्याला उतरल्यावर म्हणाली, "हो तू पुढं." आणि चांगलं अंतर ठेवून मागून चालायला लागली.

वावरांच्या कडेची वाट काळ्या मातीची. पावसानं ती लोण्यासारखी झालेली, मध्ये बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. उर्मिला पावलागणिक तळव्यांना विचारत चालली होती. भीती वाटत होती, पण चालणं जमत होतं. शाळेचं कौलारू छप्पर दिसायला लागलं आणि तेवढ्यात डावीकडच्या वावरातून निंदण करणारी जयवंता ओरडली, "मास्तरीणबाई आल्या का व?" जयवंताची नात उर्मिलेच्या वर्गात होती. इतक्या महिन्यांनी कुणी मास्तरीणबाई म्हणालं, त्या आनंदात उर्मिला सगळं शिकलेलं विसरली आणि तिनं झटक्यात मान वळवली.

वाट, छप्पर, आभाळ, सगळं एकदम सरकलं. डावा पाय चाकोरीत घसरला. जयवंता विळा टाकून हात पसरून धावली, आणि मागून केसरबाईचा तो आख्ख्या बाजाराला माहीत असलेला आवाज आला.

"तिले हात नको लावजो, बाई!"

जयवंता जागच्या जागी थबकली. उर्मिलेचा एक गुडघा चिखलात टेकला. डोळ्यांपुढं काही थाऱ्यावर नव्हतं, म्हणून तिनं डोळ्यांचा नाद सोडला आणि पावलांवर भरवसा टाकला. उजव्या टाचेखाली घट्ट होतं. डावी कड सरकत होती. तिनं भार उजवीकडे घेतला, हात बाजूला पसरले, आणि ती उठली. डोलली, पण उभी राहिली. तोवर जयवंताला कंठ फुटला होता आणि ती केसरबाईला वाट्टेल ते बोलत होती, कशी बाई आहेस तू, डोळ्यांदेखत पोरीला पडू देतेस.

उर्मिला सावकाश, अख्खं अंग वळवून मागं फिरली. केसरबाई बांधावर, ओल्या चिखलात फतकल मारून बसली होती. डबा बाजूला लवंडला होता. दोन्ही हात तिनं स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते आणि वर अंगाचा सगळा भार टाकला होता, ते सुटून धावत जाऊ नयेत म्हणून. चेहरा आसवांनी भिजला होता. तेव्हा कुठं उर्मिलेला पदरात गुंडाळलेले हात समजले, गोठ्यातल्या खेपा समजल्या, नळावरचं मौन समजलं. राग नव्हताच तो.

उर्मिला त्या वाटेनं परत तिच्यापाशी चालत गेली. केसरबाई घाईघाईनं उठली, हात लुगड्याला पुसायला लागली.

"सारी गल्ली तुमाले बोलून राहिली, बाई. तुम्ही मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू?" केसरबाई म्हणाली. "तुले धरणं सोपं होतं व. हे नाही होत माझ्यानं. पण तुले तुही शाळा पायजे ना."

उर्मिलेच्या मनात जे दाटलं होतं त्यासाठी आपल्याकडे एकच गोष्ट करतात. ती वाकली. मान खाली घालणं, ओल्या मातीवर वाकणं आणि डोळे मिटणं, तिला मना असलेलं सगळं एकदमच, आणि नमस्कार करताना डोळे मिटतातच. जग नाहीसं झालं. चिखलात तळवे रोवून, बोटांनी चाचपत तिनं केसरबाईची पावलं शोधली आणि त्यांवर डोकं टेकलं.

केसरबाईचा हात आशीर्वादाला पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. तो तिनं परत मागं घेतला.

"आधी उठ," ती म्हणाली. "मंग ठेवीन डोक्यावर."

उर्मिला आपली आपण उठली. मग केसरबाईनं चिखलानं भरलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला, डबा उचलून पुसला, तिच्या हातात दिला, आणि घंटा झाली की काय म्हणून दोघी शाळेकडे बघायला लागल्या.